विश्लेषण : घरी बांधलेल्या रेस कारला बाइकचे कोणते इंजिन? अश्वशक्तीच्या आकड्याला भुलल्यास काय बिघडते?

अपघातात पुढचा भाग चेपलेली स्पोर्ट्स बाइक गॅरेजच्या कोपऱ्यात महिनोनमहिने उभी दिसली, की मेकॅनिकलला शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यात हमखास एक विचार येतो. हिचे इंजिन काढून चार चाकांवर बसवले तर? भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या गावात हा विचार अगदीच हवेतला नाही. धानाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे, थ्रेशर आणि केज व्हील दुरुस्त करणारे वेल्डिंगवाले असतात. भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तेथे गिअरबॉक्स तयार होतात, म्हणजे गिअर आणि शाफ्टची भाषा कळणारी माणसे जिल्ह्यातच आहेत. पाइपची चौकट म्हणजे चेसिस बांधणे त्यामुळे जमून जाते. गाडी फसते ती बहुतेकदा इंजिनाच्या निवडीत. ही निवड पहिल्याच आठवड्यात होते, त्यात घरातील साठवलेले पैसे जातात आणि पुढची प्रत्येक गोष्ट, चौकटीच्या लांबीपासून रेडिएटरच्या जागेपर्यंत, त्याच निवडीला बांधली जाते. ती नेमकी कशी करावी?

बाइकचेच इंजिन का?

कारच्या इंजिनाला गिअरबॉक्स वेगळा जोडावा लागतो. बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असतात. बोल्ट काढले की अख्खी शक्तियंत्रणा दोघांना उचलता येते. गिअरही एकामागून एक पडणारे, म्हणजे पायाऐवजी हाताने ओढायचा एक दांडा बसवला की रेस कारसारखा गिअर तयार. वजनाला अश्वशक्ती जास्त आणि मागच्या चाकापर्यंत ताकद नेण्यासाठी साधी चेन पुरते. रिव्हर्स गिअर नसतो, पण विद्यार्थ्यांच्या शर्यतींत त्याचे फारसे अडत नाही, गाडी हाताने मागे ढकलता येते.

ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पैसा आणि पेट्रोल दोन्हींची चणचण होती. १९४६ मध्ये चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारीचे दोन पुढचे भाग एकमेकांना पाठीला पाठ जोडले आणि मागे जेएपी कंपनीचे ५०० सीसीचे मोटरसायकल इंजिन बसवले. इंजिन मागे ठेवण्यामागे कोणताही मोठा सिद्धांत नव्हता. चेन मागच्या चाकांना फिरवणार, तर इंजिन तिच्याजवळ असलेले सोयीचे, एवढेच. पुढे ५०० सीसीच्या गाड्यांची फॉर्म्युला थ्री ही शर्यतच सुरू झाली. स्टर्लिंग मॉस १९४८ मध्ये अशाच कूपरमधून शर्यतीत उतरला. १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबमने मागे इंजिन असलेल्या कूपरमधून फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले आणि त्यानंतर पुढे इंजिन असलेली फॉर्म्युला वन गाडी इतिहासजमा झाली. चेनच्या सोयीसाठी केलेली तडजोड शेवटी सगळ्या जगाने उचलली.

आज भारतात हा वारसा चालवतात ते अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत आणि एसएई इंडियाची सुप्रा या दोन स्पर्धांत विद्यार्थी स्वतः बांधलेली एका आसनाची गाडी घेऊन उतरतात. एसएईचीच बाहा ही स्पर्धा वेगळी. तिच्या पेट्रोल गटात सर्वांना ठरवून दिलेले एकच इंजिन वापरावे लागत असल्याने तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवला नाही. फॉर्म्युला प्रकारात मात्र निवड मोकळी आहे आणि म्हणूनच वाद रंगतात.

अश्वशक्तीचा आकडा किती खरा?

आकडा खरा असतो, पण तो बाइकवरचा असतो. सर्वांत ओळखीचे उदाहरण केटीएम ३९० ड्यूकचे. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी ही बाइक २०१३ मध्ये भारतात आली. ३७३ सीसी, एक सिलिंडर, ९५०० आरपीएमला सुमारे ४३ अश्वशक्ती आणि पहिल्या पिढीत ३५ न्यूटन मीटर टॉर्क. बाइक दीडशे किलोंच्या थोडी वर, चालक ७० किलोंचा. म्हणजे टनामागे जवळजवळ १९० अश्वशक्ती.

हेच इंजिन घरी बांधलेल्या गाडीत गेले की चित्र बदलते. अनुभवी संघ गाडी सव्वादोनशे किलोंच्या आत आणतात. पहिल्यांदा बांधणाऱ्याची गाडी ३०० किलोंची झाली तरी चांगले म्हणायचे. ट्रॉली बांधणाऱ्याचा हात जाड पाइपाकडेच जातो आणि त्यात त्याची चूक नाही, त्याचे ग्राहक तीन टन धान भरतात. चालकासह ३७० किलो धरले, तर टनामागे ११६ अश्वशक्ती उरतात. वाईट वाटायचे कारण नाही. ३७ अश्वशक्तीच्या मारुती ८०० मध्ये एक माणूस बसला तर हा आकडा पन्नासच्या आसपास येतो. पण बाइकवर जाणवणारा पिकअप गाडीत मिळणार नाही, हे आधीच मनाशी धरलेले बरे. याच हिशेबाने स्प्लेंडरचे आठ अश्वशक्तीचे इंजिन टनामागे जेमतेम २२ देईल. त्यावर गाडी चालेल, रेस कार होणार नाही.

मग मोठे इंजिन का घेऊ नये? होंडा सीबीआर६००आरआरसारखे चार सिलिंडरचे इंजिन बाइकवर ११५ अश्वशक्तीच्या वर देते. जगभरातील विद्यार्थी संघांचे ते वर्षानुवर्षे लाडके होते. इथे स्पर्धेचा एक नियम आडवा येतो. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये इंजिन ७१० सीसीपर्यंतचे चालते (पूर्वी ही मर्यादा ६१० होती), पण इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच अरुंद गळ्यातून गेली पाहिजे. या गळ्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. आतल्या हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोहोचला, की इंजिनाने पुढून कितीही जोर लावला तरी जास्त हवा येत नाही. गणित केले तर ही मर्यादा सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम हवेची निघते. परिणामी ११५ अश्वशक्तीचे इंजिन सुमारे ८० वर येऊन थांबते. सुमारे ६० किलोंचे इंजिन, चार सिलिंडरची देखभाल आणि आयात सुटे भाग हा सगळा भार अंगावर घेऊन जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद दारातच ठेवून यायचे.

३९० ला सरासरी हिशेबात या गळ्याचा त्रास व्हायला नको. त्याला ९५०० आरपीएमला सेकंदाला साधारण ३५ ग्रॅमच हवा लागते. प्रत्यक्षात त्रास होतो. कारण एकच सिलिंडर चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकमध्ये हवा ओढतो, म्हणजे घोट थोडा वेळच पण चौपट जोराने. उपाय गावातल्या पाण्यासारखा आहे. नळाची धार बारीक असली तरी टाकी असेल तर मोटर लावून भसकन पाणी घेता येते. रिस्ट्रिक्टर आणि इंजिन यांच्यामध्ये हवेची अशी टाकी ठेवतात, तिला प्लेनम म्हणतात. स्पर्धेला जायचे नसेल तर हा सगळा खटाटोप अर्थातच नको.

कोणत्या इंजिनांचा विचार होऊ शकतो?

पल्सर १५० सारखी हवेवर थंड होणारी लहान इंजिने स्वस्त आणि दणकट असतात. कोणत्याही चौकातला मिस्त्री त्यांचे ‘हाफ इंजिन’ दिवसभरात करून देतो. पण ही इंजिने समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर असतात. गाडीत ती चालकाच्या पाठीमागे, अग्निरोधक पत्र्याच्या आड बसतात आणि तेथे वारा पोहोचत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा तर नाहीच. रॉयल एनफिल्डच्या ३५० चा टॉर्क (४००० आरपीएमला २७ न्यूटन मीटर) मोहक वाटतो, पण २० अश्वशक्तीसाठी ते इंजिन फार जड पडते. त्याच कंपनीचे ६४८ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन ४७ अश्वशक्ती आणि ५२ न्यूटन मीटर देते, नियमातही बसते आणि त्याची ताकद कमी आरपीएमलाच हाताशी येते. अडचण तीच, वजनाची.

पाण्यावर थंड होणाऱ्यांत पल्सर एनएस२०० हे पहिल्या गाडीसाठी दुर्लक्षित राहिलेले इंजिन आहे. साडेचोवीस अश्वशक्ती, रेडिएटर आधीच जोडलेला आणि सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळण्यासारखे. ज्याला स्पर्धेत नंबर काढायचा नाही, मैदानात गाडी वळवायला शिकायचे आहे, त्याला ते पुरेल.

मात्र भारतीय संघांच्या गाड्यांत वारंवार दिसते ते ३९० च, आणि त्याची कारणे कागदावरच्या ४३ आकड्याच्या पलीकडची आहेत. इंजिनाचे वजन सुमारे ३६ किलो. ते महाराष्ट्रातच तयार होते. डोमिनार ४०० चे इंजिन त्याच घराण्यातले असल्याने हाताळलेले मिस्त्री भेटतात. सरावात इंजिन बसले तर नागपूरहून पिस्टन, रिंग आणि पॅकिंग आणून ते पुन्हा उभे करता येण्याची शक्यता असते. आयात केलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे बेअरिंग गेले, तर परीक्षा, स्पर्धा आणि उन्हाळा तिन्ही निघून जातील. २०२४ च्या मॉडेलपासून ३९० ड्यूकमध्ये ३९९ सीसीचे नवे इंजिन आले. ते ताकदवान आहे, पण भंगारात मिळणारी बहुतेक इंजिने जुनी ३७३ सीसीचीच असणार.

बाइकमध्ये ठणठणीत असलेले इंजिन गाडीत का बसते?

सर्वाधिक इंजिने या एका कारणाने जातात आणि गंमत म्हणजे खरेदीच्या वेळी त्याचा कोणी विचारच करत नाही. बाइक वळताना झुकते. वळणाचा बाहेर फेकणारा जोर आणि खाली ओढणारे वजन यांची बेरीज झुकलेल्या बाइकच्या अंगाच्या रेषेतच येते. त्यामुळे इंजिनाच्या ऑइल चेंबरमधील ऑइलला आपण वळतो आहोत याचा पत्ताच लागत नाही, ते तळाशी शांत राहते. डोक्यावर घागर घेऊन सायकलवर वळणारा माणूस सायकलसकट झुकतो तेव्हा पाणी सांडत नाही, तसेच.

गाडी झुकत नाही. तिच्यात इंजिन सरळ उभे राहते आणि ऑइल बाहेरच्या भिंतीकडे धावते. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा झाला, तर ऑइलची पातळी ४५ अंशांत तिरपी होते. ऑइल पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि क्रँकच्या बेअरिंगला काही क्षण ऑइल मिळत नाही. ९००० आरपीएमला ते काही क्षण पुरेसे असतात. सीबीआर६०० वापरणाऱ्या परदेशी संघांनाही हा धडा इंजिने गमावूनच मिळाला.

यासाठी फार वेग लागतो, असाही समज आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या स्किडपॅड चाचणीत गाडी दोन वर्तुळांत फिरवतात. प्रत्येकाच्या आतल्या कडेचा व्यास १५.२५ मीटर आणि गाडीची वाट धरली तर त्रिज्या साधारण नऊ मीटर. अशा वर्तुळावर ताशी ३४ किलोमीटर वेगातच वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा होतो. म्हणजे शाळेच्या मैदानावर, सायकलपेक्षा थोड्या जास्त वेगात, नव्या इंजिनाचे बेअरिंग उडू शकते.

उपाय आहेत. ऑइल चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करून ऑइलची धाव अडवता येते. काही संघ चेंबर उथळ करून घेतात, म्हणजे इंजिन खाली बसते आणि गाडीचा गुरुत्वमध्य उतरतो, पण मग पडदे अधिकच विचारपूर्वक बसवावे लागतात. वेगळ्या टाकीत ऑइल ठेवणारी ड्राय संप यंत्रणा सर्वांत भरवशाची आणि सर्वांत खर्चिक. नुसते ऑइल जास्त भरणे हा अर्धा उपाय आहे, क्रँक त्यात बुडून फेस करू लागला की तो उलटतो. म्हणून इंजिन निवडताना एक साधा प्रश्न विचारावा : याचे चेंबर खालून बोल्टने सुटते का, की ते मुख्य खोक्याचाच भाग आहे? सुटत असेल तर पडदे बसवणे एका दिवसाचे काम. सुटत नसेल तर प्रत्येक बदलासाठी अख्खे इंजिन फोडावे लागेल.

तपासणीही मैदानातच होते. चुन्याच्या फक्कीने दोन वर्तुळे आखायची, ऑइल प्रेशरचा काटा किंवा निदान लाल दिवा चालकाच्या नजरेसमोर लावायचा आणि हळूहळू वेग वाढवत आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरायचे. जाळी मध्यावर नसते, त्यामुळे एका बाजूच्या वळणात ठीक चाललेले इंजिन दुसऱ्या बाजूला दगा देऊ शकते.

चेन आणि स्प्रॉकेटचे गणित

बाइकचा मागचा टायर एका फेरीत जवळजवळ दोन मीटर पुढे जातो. मारुती ८०० चा १२ इंची टायर, जो अशा गाड्यांसाठी सहज मिळतो, एका फेरीत १.६ मीटरच जातो. जुन्या ३९० चे मूळ १५ आणि ४५ दातांचे चेन-स्प्रॉकेट तसेच ठेवले, तर सहाव्या गिअरमध्ये गाडी सिद्धांतात ताशी १३५ किलोमीटरला पोहोचेल. लहान वळणांच्या ट्रॅकवर हा वेग कधीच येत नाही, म्हणजे पाचवा-सहावा गिअर शोभेचे. कमाल वेग १०० वर आणायचा तर पुढे १३ आणि मागे ५३ दात लागतात. मग पहिला गिअर ताशी ३१ किलोमीटरला संपतो आणि मधले सगळे गिअर कामाला येतात.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर पडते. पहिल्या गिअरमध्ये मागच्या टायरांवर जमिनीला ढकलणारा जोर सुमारे ३६५ किलोंचा येतो. साध्या रस्त्याच्या टायरांची पकड, ३७० किलोंच्या गाडीत, फार तर सव्वादोनशे किलो पेलते. म्हणजे पहिल्याच काय, दुसऱ्या गिअरमध्येही पूर्ण रेस दिली तर चाके जागेवर फिरतील. ४३ अश्वशक्तीला जमिनीवर उतरवता येत नसेल, तर ८० अश्वशक्तीचा प्रश्न कोठे येतो?

या जोराला चेन तोंड देते. पहिल्या गिअरमध्ये तिच्यावर साडेसातशे किलोंचा ताण पडतो. मागचा एक्सल धरणारी पट्टी पाच मिलिमीटरच्या पत्र्याची आणि एकाच बाजूने वेल्ड केलेली असेल, तर ती पुढे झुकते आणि चेन उतरते. उतरलेली चेन चालकाच्या पाठीमागे फिरत असते, म्हणून तिच्यावर जाड लोखंडी कव्हर हवेच. दुप्पट वजन ओढताना क्लच प्लेटही लवकर जळतात. त्या जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात.

नुसते इंजिन घ्यावे की अख्खी बाइक?

अख्खी बाइक. आजचे इंजिन एकटे चालत नाही. त्याच्यासोबत ईसीयू, वायरिंग किट, चावी, मीटर, पेट्रोल पंप, सेन्सर असा संसार येतो. बाइक पडली तर इंजिन बंद करणारा सेन्सर, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच यांपैकी एक जरी जोडला नाही तरी इंजिन सुरू व्हायला नकार देते आणि दोष शोधण्यात आठवडे जातात. जुन्या आणि नव्या ३९० मधला एक फरक येथे महत्त्वाचा. २०१७ पासूनच्या बाइकमध्ये ॲक्सिलरेटरची केबल गेली आणि विजेवर चालणारे थ्रॉटल आले. पायाच्या पेडलला केबल जोडणे वेल्डिंगच्या दुकानात जमते. विजेच्या थ्रॉटलला पेडलचा सेन्सर समजावून सांगणे वेगळे काम आहे आणि स्पर्धांचे सुरक्षा नियमही त्यासाठी कडक आहेत. पहिल्या गाडीसाठी २०१३ ते २०१६ मधली बाइक म्हणूनच बरी.

अख्खी बाइक घेण्याची चाल ब्रिटनमधल्या त्या ५०० सीसीच्या काळातही होती. नॉर्टन कंपनी आपले शर्यतीचे इंजिन सुटे विकत नसे, म्हणून लोक पूर्ण मोटरसायकल विकत घेऊन इंजिन काढून घेत. उरलेल्या सांगाड्यांत कोणीतरी ट्रायम्फची इंजिने बसवली आणि त्यातून ट्रायटन नावाच्या बाइक जन्माला आल्या. एकाचे भंगार दुसऱ्याचा छंद झाले.

कागद मात्र आधी पाहावेत. इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसी बुकाशी जुळतो का, कर्ज बाकी आहे का, विमा कंपनीकडे प्रकरण अडकले आहे का, हे विकत घेण्यापूर्वीचे प्रश्न आहेत. बाइक पुन्हा रस्त्यावर येणार नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार तिची नोंदणी रद्द करून घेणे मूळ मालकाच्याच हिताचे, नाहीतर उद्या त्या नंबरवर काहीही झाले तरी विचारणा त्यालाच होईल. बिल नसलेले, नंबर घासलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी ते चोरीचे असण्याची शक्यता असते.

ही गाडी गावच्या रस्त्यावर चालवता येईल का?

नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील सुट्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. सुमारे ६० हजार रुपये खर्चून बांधलेल्या त्या गाडीची चित्रफीत डिसेंबर २०२१ मध्ये देशभर फिरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण नियमात न बसल्याने प्रशासन ती कधीतरी थांबवेलच, असेही त्यांनी त्याच वेळी म्हटले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली. इतके प्रेम मिळालेल्या गाडीलाही नियमाने सूट दिली नाही, हे लक्षात घ्यावे.

कंपनीने बनवलेल्या गाडीत मूळ आराखड्याबाहेरचा बदल करण्यास कायद्याचे कलम ५२ मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. घरी बांधलेल्या गाडीला तर नोंदणीच नाही, म्हणजे विमाही नाही. रात्रीच्या वेळी गाव ते फाटा अशी ‘एकच चक्कर’ मारताना कोणाला धक्का लागला, तर भरपाईचा बोजा घरावर येतो. गाडी ट्रॉलीवर किंवा पिकअपमध्ये घालून बंदिस्त जागेत न्यावी, हाच मार्ग आहे.

बंदिस्त जागेतही काही गोष्टींत काटकसर चालत नाही. चालकाच्या डोक्यावरची कमान स्पर्धांच्या नियमात किमान २५ मिलिमीटर व्यासाच्या आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पाइपाची लागते, तीही एकसंध वाकवलेली, तुकडे जोडलेली नाही. इंजिन आणि चालक यांच्यामध्ये पूर्ण पत्रा, बाहेरून दाबता येणारा बंद करण्याचा स्विच, अग्निशामक नळकांडे आणि पाच किंवा सहा पट्ट्यांचा शर्यतीचा बेल्ट हवा. इंजिनावर खर्च करताना या यादीचे पैसे आधी बाजूला काढावेत. वेगळे सांगायला नको, पण बहुतेक वेळा उलटेच घडते.

स्पर्धेत शेवटी काय मोजले जाते?

फॉर्म्युला स्टुडंटच्या पद्धतीत एकूण १००० गुण असतात. ७५ मीटरच्या सरळ धावेत इंजिनाची ताकद दिसते, पण सर्वाधिक गुण एंड्युरन्सचे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या फेऱ्यांचे. मध्ये चालक बदलतो, इंजिन बंद होते आणि तापलेल्या अवस्थेत पुन्हा सुरू करावे लागते. अनेक गाड्या ट्रॅकवर नव्हे, या थांब्यावरच संपतात. पंखा नसलेला रेडिएटर, कमी पडलेली बॅटरी, उष्णतेने पेट्रोलच्या नळीत झालेली वाफ यांपैकी काहीतरी आडवे येते आणि सेल्फ नुसता कुरकुरत राहतो. म्हणून सरावात वीस मिनिटे गाडी पळवून, तीन मिनिटे बंद ठेवून पुन्हा सेल्फ मारून पाहण्याची सवय ठेवावी. ही चाचणी डिसेंबरच्या सकाळी नको, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता घ्यावी.

दरम्यान, आयआयटी मुंबईसारख्या संघांनी पेट्रोल सोडून विजेवरच्या गाड्या कधीच उतरवल्या आहेत आणि फॉर्म्युला भारतमध्येही विजेचा स्वतंत्र गट आहे. तेथे ऑइल चेंबर नाही, रिस्ट्रिक्टर नाही. पण शेकडो व्होल्टची बॅटरी घरच्या शेडमध्ये जोडण्याची गोष्ट नव्हे. अपघातग्रस्त ३९० आणि वेल्डिंगचे दुकान एवढेच हाताशी असलेल्यांचे काम सध्या तरी पाना, चेन आणि चुन्याच्या फक्कीवर चालणार आहे.